थोडे मार्क वस्तीलाही देऊ द्या

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, हे नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थिनीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. काही वर्षांपूर्वी गोवंडीच्या एका गल्लीत माझ्या विद्यार्थिनीने ते एका आजींना अगदी नीट सांगितलं. तापमान दोन ते आठ अंश, बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही, गोठलं तर टाकून द्यायचं. आजी मान डोलावत होत्या. बोलता बोलता मुलीची नजर खोलीभर फिरली आणि ती थांबली. त्या खोलीत फ्रिज नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मीही गप्प राहिले, कारण इतकी वर्षं शिकवून मलाही पटकन काही सुचलं नाही.

आमच्याबरोबर तिथल्या संस्थेच्या एक ताई होत्या. त्याच गल्लीत राहणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालायची, डबी पाण्यात बुडू द्यायची नाही, माठाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि माठ तापणाऱ्या पत्र्यापासून लांब ठेवायचा. गल्लीतल्या काही घरांत त्या असंच करून घेत होत्या. मग मी माझ्याकडचं सांगितलं. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात राहू शकते, पण मे महिन्यातली पत्र्याखालची खोली फार तापते आणि मुंबईच्या दमट हवेत माठ म्हणावा तेवढा गार होत नाही. म्हणून एका वेळी एकच कुपी आणावी. दोघींचं मिळून आजींना उपयोगी पडेल असं एक उत्तर तयार झालं, आणि माझी विद्यार्थिनी ते वहीत उतरवून घेत होती.

त्या दिवशीच्या भेटीचे मार्क मी दिले. हजेरी मी घेतली, लॉगबुकवर सही माझी झाली. ताईंचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही.

सामुदायिक आरोग्य नर्सिंग हा विषय मी वीस-पंचवीस वर्षं शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं मुलामुलींना घेऊन मुंबईच्या वस्त्यांमध्ये फिरले. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे. नर्सिंग कॉलेजांनी वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना शिक्षक म्हणून सोबत घ्यायला हवं. रीतसर लेखी करार, कामाचा मोबदला आणि विद्यार्थ्यांच्या गुणांमध्ये वाटा, या तिन्ही गोष्टींसह. आज आपण त्यांच्याकडून जागा घेतो, ओळख घेतो, दिवसच्या दिवस त्यांच्या कार्यकर्त्यांचा वेळ घेतो, आणि शेवटी एक पुष्पगुच्छ देऊन बसमध्ये बसतो.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सत्रपद्धतीचा केला. सामुदायिक आरोग्य हा विषय त्यात पाचव्या आणि सातव्या सत्रात येतो, प्रात्यक्षिकाचे आठवडे शहरी आणि ग्रामीण भागांत वाटले जातात आणि शेवटच्या इंटर्नशिपमध्ये आणखी चार आठवडे मिळतात. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या मुलींनाही कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे वस्तीत जाऊन करायचं प्रात्यक्षिक, असतं. कागदावर हे वाईट नाही. पण चार वर्षांत एखाद्या मुलीच्या वाट्याला शहरातली वस्ती येते ती दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत, आणि दर तुकड्याला बहुतेक वेळा वस्ती वेगळी.

आता वस्तीतल्या आजारांचं वेळापत्रक पाहा. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. गरोदरपण नऊ महिन्यांचं. मधुमेह आणि रक्तदाब जन्मभराचे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल एखादी बाई पहिल्या भेटीत बोलत नाही, पाचव्या भेटीतही बोलेल याची खात्री नाही. यातलं काहीही दोन आठवड्यांत सुरू होऊन दोन आठवड्यांत संपत नाही. तरीही त्या दोन आठवड्यांत मुलीला घरं निवडायची असतात, फॅमिली फोल्डर म्हणजे घराच्या माहितीची फाईल भरायची असते, एका कुटुंबाचा केअर स्टडी लिहायचा असतो, चार्ट रंगवून हेल्थ टॉक द्यायचा असतो. मग काय होतं? पहिल्या चार दिवसांत माहिती गोळा होते आणि उरलेल्या दिवसांत ती सुबक अक्षरात उतरवली जाते. ‘कुटुंबाला समतोल आहाराचं महत्त्व पटवून दिलं’ हे वाक्य मी शेकडो फायलींत वाचलं आहे. कुटुंबाने पुढच्या आठवड्यात काय खाल्लं, हे एकाही फायलीत वाचलेलं आठवत नाही. त्यात मुलींचा दोष नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या तिथे नव्हत्याच.

आणि वस्तीच्या बाजूने हे कसं दिसतं? सकाळी अकराला बस येते. गणवेशातल्या वीस मुली उतरतात. प्रत्येकीच्या खांद्याला बॅग. बॅग ठेवायला वर्तमानपत्र अंथरायचं, आधी हात धुवायचे, मग साहित्य बाहेर काढायचं. बॅग टेक्निकचा हा क्रम पुस्तकात बरोबरच आहे. पण ज्या गल्लीत पाणी पहाटे येतं आणि दिवसभरासाठी ड्रम भरून ठेवलेला असतो, तिथे प्रत्येक मुलीने दोनदा हात धुतले तर त्या घरचं किती पाणी जातं, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. एका बाईंनी तो मला करून दाखवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी फक्त तांब्या मोजून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन जाऊ लागलो. इतकी साधी गोष्ट कळायला आम्हाला एवढी वर्षं लागली, कारण वस्तीने आमच्या कामाबद्दल काही सांगावं, अशी जागाच आम्ही ठेवली नव्हती.

सर्व्हेचंही तसंच. एकाच वस्तीत एका वर्षात दोन-तीन कॉलेजं येतात, शिवाय समाजकार्याचे विद्यार्थी, शिवाय कुठल्या तरी कंपनीचा प्रकल्प. घरात माणसं किती, शिक्षण किती, उत्पन्न किती, संडास घरात की बाहेर. बायका तोंडपाठ उत्तरं देतात. ही माहिती पुढे कुठे जाते, हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण ती कुठेच जात नाही. वर्ष संपलं की फायली कपाटात आणि काही वर्षांनी रद्दीत. कुणाचा रक्तदाब वाढलेला सापडला तर चिठ्ठी लिहून दिली जाते. ती बाई पुढे दवाखान्यात गेली का, हे विचारायला दुसऱ्या वर्षी दुसरी मुलगी येते आणि पुन्हा घरात माणसं किती यापासून सुरुवात करते.

वरकरणी लहान वाटणारी, पण मला सगळ्यात जास्त टोचणारी एक गोष्ट सांगते. चार मुली गणवेशात एका दारासमोर उभ्या राहिल्या की गल्लीला कळतं, या घरात काहीतरी आहे. क्षयरोग, एचआयव्ही, नाहीतर मूल पाडण्याचा काही प्रकार. कुजबुज सुरू होते. लग्नाच्या मुलीला टीबी आहे हे बाहेर फुटलं तर ठरत आलेलं स्थळ परत जातं. रुग्णाची गोपनीयता हा धडा आम्ही वर्गात शिकवतो, वॉर्डात पडदे ओढून पाळतो, आणि गल्लीत मात्र घोळक्याने जाऊन मोडतो. संस्थेच्या ताई हे जाणून असतात. त्या टीबीच्या रुग्णाला कधी रेशनच्या रांगेत भेटतात, कधी नळावर, कधी मुलाच्या शाळेच्या फाटकाशी. बोलणं पाण्याबद्दल सुरू होतं आणि गोळ्यांपर्यंत येतं. माझ्या दृष्टीने हे कौशल्य शिरेत सुई घालण्याइतकं अवघड आहे. आमच्या कौशल्यांच्या यादीत मात्र ते नाही.

लोकांच्या मनाविरुद्ध घरात शिरलं की काय होतं, हे मुंबईने एकदा फार जवळून पाहिलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेग आढळला. सरकारने घरझडत्या सुरू केल्या, रुग्णांना उचलून रुग्णालयात नेलं. लोक आजारी माणसं लपवू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला. पुढे वेगवेगळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालयं उघडली, तेव्हा लोक आपल्या माणसांना तिथे नेऊ लागले. जातीजातीची रुग्णालयं आज कुणालाच नको आहेत, मलाही नकोत. पण माणूस आपल्या ओळखीच्या हातात स्वतःला सोपवतो, हे तेव्हा दिसलं आणि जवळजवळ सव्वाशे वर्षांनी धारावीतही दिसलं. एप्रिल २०२० मध्ये कोविड तिथे शिरला, तेव्हा महापालिकेने त्याच गल्ल्यांत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना आणि स्थानिक संस्थांना सोबत घेतलं. अनोळखी माणसाने दार वाजवून ताप आहे का विचारणं आणि नेहमीच्या डॉक्टरांनी विचारणं यांत फार अंतर आहे.

नर्सिंगच्या शिक्षणात समाजातल्या संस्थेने बरोबरीने उभं राहणं ही आपल्याकडे नवी कल्पनाही नाही. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. थोड्याच वर्षांत तिथल्या मुली, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. ज्या काळात परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा हा विचारच घरोघरी अभद्र मानला जाई, त्या काळात रुग्णालयाला एकट्याला हे जमणं शक्य नव्हतं. मुलींची राहण्याची सोय, त्यांच्यावरचं लक्ष, समाजाचा रोष झेलणं ही बाजू सेवासदनाने उचलली. रुग्णालयाने त्यांना हात कसा चालवायचा ते शिकवलं. दोघांनी आपापल्या जागेवर राहून एकच विद्यार्थिनी घडवली. महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या पायाशी अशी भागीदारी आहे आणि आमच्या वर्गात ती इतिहासाच्या तासाला पाच मार्कांच्या टिपेपुरती येते.

जामखेडचं उदाहरण त्याहून धीट आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझ्या विषयाशी जास्त जोडलेली गोष्ट वेगळी आहे. त्याच गावकरी बायका पुढे बाहेरून शिकायला येणाऱ्यांना शिकवू लागल्या. डॉक्टर आणि नर्स होऊ घातलेली मुलं त्यांच्यासमोर बसून ऐकतात. जामखेडला हे चालतं तर मानखुर्दला का चालू नये, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मुंबईत तर सामग्री हाताशी आहे. सायन रुग्णालयाचं धारावीतलं केंद्र लोकांच्या तोंडी ‘छोटा सायन’ म्हणूनच आहे. केईएमचं आरोग्य केंद्र मालवणीत आहे. सायनच्या अधिष्ठाता राहिलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली, ती रुग्णालयात येणारी अगदी अशक्त बाळं आणि त्यांच्या आया पाहून. रुग्णालयाच्या खाटेवर जे दिसतं त्याचं मूळ वस्तीत आहे, हे त्यांना वॉर्डानेच शिकवलं. गोवंडीत ‘अपनालय’ कित्येक वर्षांपासून काम करते आहे. अशा मोठ्या, नावाजलेल्या संस्थांपलीकडे बचतगट आहेत, महिला मंडळं आहेत, एका खोलीतून चालणारी वाचनालयं आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतली पाचांतली दोन माणसं झोपडवस्तीत राहत होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने या शहरात कुठे शिकावं, हे या आकड्यांवरून स्पष्ट आहे.

मला हवी असलेली भागीदारी अशी आहे. एका कॉलेजने एकच वस्ती निवडावी आणि किमान पाच वर्षं ती सोडू नये. तिथल्या संस्थेशी लेखी करार करावा. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला चार कुटुंबं द्यावीत आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत तीच कुटुंबं त्याच्याकडे राहावीत. अभ्यासक्रमातले पोस्टिंगचे आठवडे आहेत तसे राहू देत, त्याखेरीज पंधरा दिवसांतून एक दुपार कॉलेजने आपली द्यावी. एवढ्याने काय साधेल? गरोदर बाईशी चौथ्या महिन्यात ओळख झाली, तर बाळाला नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस मिळेपर्यंत चौदा महिने जातात. त्या चौदा महिन्यांत बाई बाळंतपणाला माहेरी, बीडला किंवा आझमगढला जाईल, तिथे कार्ड हरवेल, परत आल्यावर सासू म्हणेल लसीने ताप येतो, काही गरज नाही. मुलीला हे सगळं एका घरात उलगडताना दिसेल. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली, लस न घेतलेल्या घरांना समजवायला मौलवींना विनंती करावी लागली. त्या गल्ल्यांतून त्याआधीची कितीतरी वर्षं नर्सिंगच्या मुली लसीकरणाचे चार्ट घेऊन फिरल्या होत्या. त्यांतली एकही त्या घरांच्या ओळखीची राहिलेली नव्हती. याची खंत मला आजही आहे, कारण त्यांत माझ्याही मुली होत्या.

क्षयरोगाचं बोलते. औषधाने लघवी नारिंगी होते, हे पुस्तकात दुष्परिणामांच्या यादीत असतं. रंग पाहून माणूस घाबरतो, शेजारी म्हणतो रक्त जातंय, आणि गोळ्या बंद होतात, हे ताईंना माहीत असतं. म्हणून त्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणसाला बरं वाटतं, नेमका मे महिना येतो आणि घरचे सगळे गावाला निघतात. कुणाच्या गोळ्या गावी जाताना सुटतील, ताईंना एप्रिलमध्येच ठाऊक असतं. त्या आधीच जास्तीच्या गोळ्यांची किंवा गावच्या केंद्राकडे नाव लावण्याची सोय करतात. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारी रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० ची १००० रुपये झाली, पण ती बँक खात्यात येते. ज्या सुनेचं खातंच नाही किंवा जिचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आहे, तिच्या अंड्या-दुधाचं काय? मुंबई हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचं शहर म्हणून जगात ओळखलं जातं. अशा शहरात नर्स होणाऱ्या मुलीला हे शहाणपण ताईकडून मिळालं पाहिजे आणि तेही रीतसर. कधी योगायोगाने ताई बरोबर होत्या म्हणून मिळालं, असं नको.

मोबदल्याबद्दल मी आग्रही आहे. ज्या कॉलेजकडे स्वतःच्या पुरेशा खाटा नसतात ते दुसऱ्या रुग्णालयाशी संलग्नता करार करतं आणि बहुतेक वेळा त्यासाठी शुल्क भरतं. त्यावर कुणी आक्षेप घेत नाही, कारण रुग्णालय ही शिकण्याची जागा आहे हे मान्य असतं. वस्तीच्या वाट्याला मात्र ‘सहकार्याबद्दल आभार’. दिवसभर वीस मुलींना गल्लीगल्लीतून फिरवणारी, दारं उघडून देणारी, त्यांच्या चुका सावरणारी बाई शिकवण्याचंच काम करत असते. त्या दिवसाचे पैसे तिच्या हातात पडायला हवेत, संस्थेच्या सामाईक खात्यात जिरायला नकोत. मुलांकडून घेतलेल्या फीमधून हा खर्च निघू शकतो. आकडा मोठा नाही.

दुसऱ्या बाजूलाही काही सुनवावं लागेल. संस्था म्हटली की सगळं निर्मळ, असा माझा अनुभव नाही. एका संस्थेने माझ्या मुलींना तीन दिवस फॉर्म भरायला बसवलं. चौथ्या दिवशी कळलं की ते फॉर्म देणगीदाराला पाठवायच्या अहवालासाठी होते आणि आमच्या शिक्षणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. काही ठिकाणी शिबिराला गर्दी दिसावी म्हणून गणवेशातल्या मुली हव्या असतात. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो, कार्यकर्ते पांगतात आणि कॉलेज उघड्यावर पडतं. म्हणूनच करार लेखी हवा. विद्यार्थ्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे दोन्ही त्यात असावं. संस्थेच्या हिशेबवहीसाठी मुलांचा हात वापरायचा नाही. कुणाच्या घरचा फोटो विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. गोळा केलेली माहिती वर्षातून एकदा वस्तीच्या सभेत, वस्तीच्या भाषेत, परत सांगायची.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रांना वगळून तर हे मुळीच होऊ नये. तिथल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका असलेल्या सिस्टर, आणि वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर घरोघर फिरलेल्या आरोग्य सेविका या भागीदारीचा कणा आहेत. एक भीती मला खरी वाटते. विद्यार्थी येतात म्हणून पद रिकामं ठेवलं तरी चालतं, असा हिशेब प्रशासन करू शकतं. वॉर्डांत हेच झालं आहे. स्टाफ कमी, म्हणून विद्यार्थिनींवर कामाचा भार, आणि मग मेट्रन, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका, म्हणतात पंधरा दिवसांतून एक दुपारसुद्धा मुली सोडता येणार नाहीत. मी त्या मेट्रनना दोष देत नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात, खाली गाद्या घातलेल्या असताना, दोन सिस्टरवर पाळी कशी निघते हे मी पाहिलं आहे. पण शिकायला आलेल्या मुलीच्या हातांवर वॉर्ड चालत असेल, तर भरती न करण्याची किंमत तिचं शिक्षण मोजत आहे. ते वॉर्डातही चुकीचं आहे आणि वस्तीतही चुकीचं ठरेल.

मुलींच्या सुरक्षेची चिंता पालक बोलून दाखवतात. सांगली-लातूरहून आलेली एकोणीस वर्षांची पोर गोवंडीत फिरणार म्हटल्यावर आईचा जीव वरखाली होणारच. माझं निरीक्षण एवढंच की ओळखीच्या वस्तीत पोर जास्त सुरक्षित असते. पहिल्या आठवड्यात माझ्या मुली एकमेकींचे हात धरून चालायच्या. एका वस्तीत आम्ही सलग तीन वर्षं गेलो, तिथे तिसऱ्या वर्षी पावसात बस अडकली तेव्हा बायकांनी मुलींना घरात घेतलं, चहा दिला आणि होस्टेलला फोन करून वॉर्डनशी स्वतः बोलल्या.

आणखी एक म्हणणं असतं की मुलींना आखाती देशांत जायचं असतं, इंग्लंडला जायचं असतं, नाहीतर मोठ्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत. त्यांना वस्ती शिकून काय करायचं? मला हा आक्षेप समजतो, पण पटत नाही. आयसीयूतला रुग्णही अखेर घरी जातो. डिस्चार्जच्या वेळी मीठ कमी खा, पाय वर ठेवून झोपा, जखम कोरडी ठेवा, असं सांगणारी नर्स, ते घर कसं असतं हे डोळ्यांनी पाहून आलेली असेल तर निराळं बोलते. पाय वर ठेवायला त्या खोलीत जागा आहे का, सामाईक संडास किती लांब आहे, रात्री शिडी उतरून जावं लागतं का, हे ती विचारते. मग सूचना बदलतात. लंडनच्या रुग्णालयातही गरीब म्हातारी माणसं असतात, त्यांनाही कुठल्या तरी जिन्याच्या वरच्या खोलीत परत जायचं असतं.

राहिला मार्कांचा प्रश्न. कॉलेजांत ही कल्पना मांडली की इथेच सगळे अडतात. न शिकलेली बाई पदवीच्या विद्यार्थ्याला गुण कशी देणार? सगळे गुण तिने द्यावेत असं मी म्हणतच नाही. अंतर्गत मूल्यमापनातला एक छोटा भाग तिच्याकडे असावा, आणि तोही तिला जे कळतं त्यापुरता. ठरल्या दिवशी मुलगी आली का. न येणार असेल तर आधी कळवलं का. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात बोलली का. घरातल्या माणसांना नावाने हाक मारते का. जे माहीत नाही त्याबद्दल ‘विचारून सांगते’ म्हणाली, आणि खरोखर विचारून सांगितलं का. यांतल्या एकाही गोष्टीचा निर्णय मी कॉलेजात बसून करू शकत नाही. मी केला तर तो फाईलच्या कव्हरवरून केलेला असतो.

निवृत्त होण्याच्या आधीच्या वर्षी मी हे स्वतःपुरतं करून पाहिलं. पोस्टिंग संपल्यावर माठाचा उपाय सांगणाऱ्या त्याच ताईंकडे गेले आणि म्हटलं, या वीस जणींना तुम्ही मार्क द्या. त्या संकोचल्या. म्हणाल्या, “मॅडम, मार्कांचं मला नाही जमायचं. पण पुढल्या वर्षी परत पाठवायच्या असतील तर कुणाला पाठवा, ते सांगते.” त्यांनी तीन नावं घेतली. प्रत्येकीबद्दल कारण सांगितलं. एक जण पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याशी रोज दोन मिनिटं बोलायची. एकीने टीबीच्या मुलीच्या घरी एकटी, साध्या ओढणीत जायची परवानगी मागितली होती. तिसरी मराठी माध्यमाची, हिंदी तिला धड येत नव्हतं, पण चुकत चुकत बोलायची आणि बायका तिला शब्द सुधारून द्यायच्या.

घरी आल्यावर मी माझी गुणांची यादी काढली. त्या तिघींपैकी दोघी शेवटच्या पाचांत होत्या.